समुद्र शेवटी

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठणठणीत आहोत हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं पाकीट दिसलं की तू उघडण्याआधीच घाबरतेस. बातमी चांगली आहे.

आपल्या नकाशांच्या कारखान्याला कुलूप लावायच्या बेतात होतो. (आप्पा गेले, तरी एका खोलीला कारखाना म्हणायची त्यांची सवय माझ्या तोंडातून अजून जात नाही.) तेवढ्यात परवा नव्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई धापा टाकत जिना चढून आल्या. त्यांना मोठ्या दालनात भिंतभर नकाशा हवाय, जगातल्या प्राचीन आणि मध्ययुगीन संस्कृतींचा. शोभेचा, चित्रांचा, सोनेरी किनारीचा. मी म्हटलं, बाई, हल्ली छापील मिळतात की गुंडाळी करून. तर म्हणाल्या, "छापील बघून लोक पुढे जातात. मला लोक थांबायला हवेत." असं बोलणारं माणूस मला कैक वर्षांत भेटलं नव्हतं. मी विचार न करता हो म्हणून बसलो.

आता करायचा तर आप्पांच्या पद्धतीनेच. कापडावर जाड कागद ताणून चिकटवला आहे. जमीन आणि चित्रं माझी, नावं तुझी. तू बटर पेपरवर लिहून पाठव, मी मागून पेन्सिल घासून नकाशावर उतरवतो. आणि समुद्र शेवटी. त्याला दोन माणसं लागतात हे तुला सांगायला नको. एकाने डावीकडून निघायचं, एकाने उजवीकडून, आणि निळा ओला असतानाच मध्ये भेटायचं. कड वाळली की रेष राहते, आणि रेष राहिली की आप्पा तो नकाशा सरळ माळ्यावर फेकायचे. मी तुझ्याशिवाय कुणाबरोबर समुद्र केलेला नाही. एकदा तुझी भावजय हौसेने उभी राहिली होती, तर अर्ध्या अटलांटिकात तिला दूध उतू गेल्याचा वास आला.

तेव्हा जूनमध्ये यायचं. हा बहुधा आपला शेवटचा नकाशा, ताई. नाही म्हणू नकोस. फक्त ठमीला ब्रशला हात लावू देऊ नकोस. तिने लहानपणी पर्शियावर सांडलेली शाई मी अजून विसरलेलो नाही.

तुझा,
गुंड्या


२६ जानेवारी

गुंड्या,

आशीर्वाद. पत्र वाचून मी एकटीच हसत बसले, तर ठमीला वाटलं आईला काहीतरी झालं. तुझ्या तोंडून "शेवटचा नकाशा" मी निदान चार वेळा ऐकलाय. तरी येते. समुद्र माझा आहे. माझ्याशिवाय पाण्यात पाय घातलास तर याद राख.

प्राचीन नावांचा गठ्ठा सोबत पाठवते आहे: सुमेर, बॅबिलोन, इजिप्त, सिंधू, क्रीट, फिनिशिया, पर्शिया, ग्रीस, रोम आणि बाकीची मंडळी. फिनिशिया लांबट केलंय, तिथे किनारा अरुंद आहे, तू ते उगाच आडवं बसवशील. हल्ली सकाळी बोटं आखडतात. इथे थंडी मरणाची. शेगडीवर शेकून मग लिहायला बसते, म्हणून चार दिवस उशीर झाला.

ठमी बरी आहे. दवाखान्याच्या खिडकीत बसून दिवसभर चिठ्ठ्या फाडते. डॉक्टरांच्या सहवासात तिचं अक्षर इतकं बिघडलंय की आप्पा असते तर तिला घरात घेतलं नसतं. फोन कर म्हणते ती, पण कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तुझं "काय? काय म्हणालीस?" ऐकत बसायला मला वेळ नाही. कान दाखव एकदा.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

नावं पोचली. वा! रोमचा 'म' असा बसलाय की उठवायला सैन्य लागेल. सगळी उतरवली, काळ्या रंगाने भरली. प्राचीन जग तयार आहे.

ग्रंथपाल बाई आठवड्यातून एकदा येतात आणि शंका काढतात. परवा विचारलं, तांबडा समुद्र तांबडा का नाही? मग म्हणाल्या, समुद्रात एक मोठा मासा काढा ना, तोंडातून पाणी उडवणारा. मी म्हटलं, समुद्र माझ्या ताईच्या हातात आहे, मासा तिला विचारून सांगतो. तेव्हा कळव. माझं मत विचारशील तर मासा नको.

आता मध्ययुगाला हात घातलाय. इंकांचे डोंगर झाले, मालीचे उंट झाले. एका उंटाची मान तुझ्या सासूबाईंसारखी झाली आहे, आलीस की बघ. नावांचा दुसरा गठ्ठा लवकर पाठव: बायझंटाइन, खिलाफत, खमेर, माली, माया, इंका, मंगोल. खमेरचा 'ख' जपून. आप्पा म्हणायचे तसा पाय जोडून, नाहीतर लोक 'रव' वाचतात.

गुंड्या


३ एप्रिल

गुंड्या,

उशीर झाला, रागावू नकोस. दुसरा गठ्ठा सोबत आहे. समुद्रांची नावंही लिहून टाकली आहेत. जमेल तसं केलंय.

मासा नको.

ताई


१२ एप्रिल

ताई,

अगं, हे काय पाठवलंस! महिनाभर वाट बघायला लावलीस आणि पाकिटातून हे निघालं? मला आधी वाटलं ठमीने पाठवलं. मायाचा काना लडखडतोय, बायझंटाइन तर पाण्यावर लिहिल्यासारखं हलतंय. खमेरच्या 'ख'चा पाय जोडलेलाच नाही! तूच मला त्यासाठी पट्टीने मारलं होतंस, आठवतं? जग प्राचीन असताना तुझा हात देवासारखा चालत होता, मध्ययुग आलं आणि तू घाई करायला लागलीस.

आणि समुद्रांची नावं कशाला? ती तर निळा वाळल्यावर तू इथे उभी राहून थेट ब्रशने लिहितेस. आयुष्यभर तसंच केलंस. आता हे टाळाटाळीचं लक्षण मला चालणार नाही.

तुझी भावजय माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "ताईंची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, तब्येतीला काय धाड भरली आहे, तिला कंटाळा आलाय. तिने पुन्हा विचारलं, मी तिला गप्प केलं. सगळा गठ्ठा परत पाठवतो आहे. बैस आणि नीट लिही. आप्पांचं नाव राखायचं आहे आपल्याला. वाचनालयाचं उद्घाटन जुलैत आहे.

गुंड्या


२ मे

गुंड्या,

हे पत्र मी सांगते आहे आणि ठमी लिहिते आहे. माझा चष्मा फुटला, म्हणून. पलंगावर बसून राणीसारखा हुकूम सोडायचा, मजा असते.

तुझी बोलणी पोचली. बरोबर होतास. वाकडं ते वाकडंच. नवा गठ्ठा सोबत आहे, फक्त जमिनीवरच्या नावांचा. बघ आता पसंत पडतो का. समुद्राची नावं तुझ्या म्हणण्याप्रमाणे राहू दिली.

भावजयीला माझा आशीर्वाद सांग. तिला म्हणावं, विचारलंस हे आवडलं. आणि तिला गप्प करत जाऊ नकोस. ती तुझ्यापेक्षा जास्त बघते.

चहात साखर कमी घे. कान दाखव. ठमी म्हणते पत्र संपव, हात दुखला. हल्लीच्या पोरींचे हात!

ताई


१० मे

ताई,

आता कसं! आता कसं बोललीस! हा माझ्या ताईचा हात. चष्मा फुटलेला असताना हे, मग चष्मा कशाला हवाय तुला? खमेरचा 'ख' घेऊन मी खिडकीपाशी कितीतरी वेळ उभा होतो. आप्पा डोळ्यांपुढे आले. रेघेला घाई नाही, पोट भरलेलं, पाय जोडलेला. परत पाठवलं म्हणून तुला राग आला असेल, पण बघ, पाठवलं म्हणून हे आलं.

सगळं उतरवून भरलं. जमीन पूर्ण झाली. आता नकाशा असा दिसतो की सगळ्या संस्कृती कोरड्या फटफटीत पांढऱ्यावर तरंगतायत आणि पाण्याची वाट बघतायत. निळा घोटून बाटलीत भरून ठेवलाय. मागच्या खोलीतला पसारा काढून तुझा पलंग लावला. भावजयीने पडदेसुद्धा धुतले. जूनच्या पहिल्या आठवड्यात नीघ. दोन दिवसांचा प्रवास आहे, ठमीला सोबत घे, ब्रश न देण्याच्या अटीवर.

आणि तुझ्या पत्राच्या तळाशी एक ओळ गिचमिड खोडली आहे ती कसली? मी उजेडाला धरून बघितली, काही लागलं नाही. माझ्याबद्दल चहाडी असणार. ठमीला म्हणावं, मामा सगळं ओळखतो.

गुंड्या


२० मे

मामा,

हे पत्र आईने सांगितलेलं नाही. ती झोपली आहे.

तू काहीच ओळखलं नाहीस. खोडलेली ओळ माझी होती. "मामा, लवकर ये" एवढंच लिहिलं होतं. आईने पत्र वाचून घेतलं आणि माझ्याकडून खोडवून घेतलं.

चष्मा फुटलेला नाही. तो टेबलावर आहे. आईचा हात गेला. ज्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मी फाडते त्यांनीच सांगितलं, नसांचा आजार आहे आणि त्यावर औषध नाही. आधी बोटं, मग हात, मग पाय. आता घोटभर पाणी पितानाही ठसका लागतो आणि बोलणं मला एकटीलाच कळतं. तुला कळवायचं नाही अशी तिने शपथ घातली होती. म्हणाली, तो काम टाकून येईल, आणि हा नकाशा त्याला पुरा करायचाय.

एप्रिलमध्ये तू परत पाठवलास तो गठ्ठा तिने स्वतः लिहिला होता. डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहायची. एकेका नावाला दिवस जायचा, खमेरला तर आठवडा लागला. समुद्रांची नावं लिहिली कारण आपण येऊ शकणार नाही हे तिला तेव्हाच कळलं होतं. पाकीट परत आलं तेव्हा मी तुला काय वाटेल ते लिहिणार होते. ती म्हणाली, "त्याचं चुकलं नाही. आप्पांनीही परत केलं असतं."

मग तिने मला बसवलं. दवाखान्यातून आले की रोज. ती पलंगावरून सांगायची: श्वास सोड, मग रेघ ओढ. पोट भर. पाय जोड. मी रडकुंडीला यायचे, कागद फाडायचे, ती दुसरा घ्यायला सांगायची. तुला पसंत पडला तो हात माझा आहे, मामा.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. "हा माझ्या ताईचा हात" इथे ती माझ्याकडे बघून खुदकन हसली आणि म्हणाली, "पास झालीस." मग भिंतीकडे तोंड केलं. उशी बदलायला गेले तर ओली होती.

मी तुला दोष देत नाही. थोडा देते. पण ती रोज विचारते, समुद्र झाला का? मी म्हणते, नाही, मामा थांबलाय. ती म्हणते, बरं. आता तिला येता येणार नाही, तूच ये. तार करणार होते, पण तू काहीच न कळता येऊन तिच्यासमोर कोसळला असतास. हे वाच, तिथेच रडून घे, आणि मग नीघ.

ठमी


२५ जून

ठमी,

तुझ्याकडे होतो तेवढे दिवस मला बोलता आलं नाही. लोक येत होते, बसत होते, जात होते, आणि मी भिंतीकडे बघत होतो. तुला वाटलं असेल मामा दगड आहे. म्हणून आता लिहितो, आमच्या घरात सगळ्यांना लिहूनच बोलता येतं.

पत्र मिळाल्याबरोबर निघालो होतो. गाडीत सगळं जुळवलं होतं, काय बोलायचं ते. आधी पाया पडायचं, मग म्हणायचं, तुझी वाकडी अक्षरं मला हवीत. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि दाराबाहेर माणसं उभी दिसली. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. एक रात्र आधी पोचलो असतो तर भेट झाली असती, असं शेजारच्या बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं तेवढ्याने मला बरं वाटेल.

तार केली नाहीस म्हणून तू स्वतःला खात बसली असशील. खाऊ नकोस. तू लिहिलंस तसंच झालं, ते पत्र वाचून मी कारखान्यातच खाली बसलो आणि तुझ्या मामीने मला उठवलं. ताईसमोर तसं झालं असतं तर तिला ते सोसलं नसतं. मी मात्र तो गठ्ठा परत पाठवला ते मला विसरता येणार नाही. साठ वर्षं जिचा हात बघितला, तो हात सगळ्यात जास्त राबला तेव्हाच मला ओळखता आला नाही. तुझ्या मामीला एका नजरेत कळलं होतं.

ग्रंथपाल बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्घाटन पुढे ढकलते. उजव्या बाजूला दुसरं कुणी उभं करू का असंही हळूच विचारलं. मी हो म्हटलं, पण माणूस मी सांगेन.

ठमी, दोन गोष्टी विचारतो. तो गठ्ठा आहे का अजून? आणि तू येशील का?

मामा


६ जुलै

मामा,

गठ्ठा आहे. आईने उशाशी गादीखाली ठेवला होता. फेकू का विचारलं तर म्हणाली, "असू दे, कुणी मागितला तर."

येते. दवाखान्यातून रजा काढली आहे. पण मी आयुष्यात कधी ब्रश धरलेला नाही. मी हळू आहे, माझी कड वाळेल. आणि पर्शियाचं काय?

ठमी


१४ ऑगस्ट

ठमी,

तुझं पोचल्याचं कार्ड मिळालं. तू गेल्यावर घर ओकंबोकं झालं. मामी मागची खोली आवरायला तयार नाही, म्हणते पलंग असाच राहू दे.

परवा नकाशा वाचनालयात टांगला, काल उद्घाटन झालं. खाली पसरलेला असताना मोठा वाटत होता, भिंतीवर गेल्यावर आणखी मोठा झाला. तू म्हणाली होतीस तशी रेष राहिलीच. हिंदी महासागराच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, जिथे मी पोचून थांबलो होतो आणि तू अजून यायची होतीस. आप्पांनी नकाशा माळ्यावर टाकला असता. मी तशी ठेवली. तू रडत रडत "पुसू का" म्हणत होतीस आणि मी तुझ्यावर ओरडलो, ते रागाने नव्हतं. कान कमी झाल्यापासून माझा आवाज मोठा झालाय, एवढंच. तू गेल्यावर कान दाखवून आलो. यंत्र घ्या म्हणतात.

सुमेर ते रोम ताईच्या चांगल्या दिवसांतला हात आहे. खमेर, माया, इंका, मंगोल तुझा. लोकांना फरक कळत नाही. मलाही कळला नव्हता.

ताईच्या त्या गठ्ठ्यातली समुद्रांची नावं मी एकट्याने उतरवली, तू गेल्यावर. बटर पेपर हातात घेतला तेव्हा दिसलं, तिने पेन्सिल इतकी दाबली होती की मागून बोट फिरवलं तरी अक्षर लागत होतं. मी एकही काना सरळ केला नाही. जिथे हात थरथरला तिथे माझा ब्रशही थरथरवला. भूमध्य समुद्राला दुपार गेली. प्रशांत महासागर लिहून झाला तेव्हा मामी दारात उभी होती, आत आली नाही.

उद्घाटनाला गर्दी बरी होती. ग्रंथपाल बाई नकाशापुढे उभ्या राहिल्या आणि लोकही थांबले, त्यांना हवं होतं तसे. मग बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "जमिनीवरची अक्षरं किती रेखीव आहेत. समुद्राची तेवढी हलल्यासारखी वाटतात, नाही?"

मी म्हटलं, "पाण्यावर लिहिली आहेत, बाई."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "मग बरोबर आहे."

ताईने हे ऐकायला हवं होतं गं.

तुझा मामा